साखरेच्या कुशीवरचा काळा चौकोन

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. नाशिकला त्या दिवसांत सकाळी इतकी थंडी असते की तपासणीच्या स्टीलच्या टेबलावर टॉवेल अंथरल्याशिवाय मी कुठल्याच जनावराला ठेवत नाही. दवाखाना उघडून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात बाहेरून तो आवाज आला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लहान मूल रडतंय असंच वाटेल. मी मात्र ओळखला. साखर आली होती.

साखर म्हणजे काकूंची सियामी मांजर, वय तेव्हा जेमतेम दहा महिने. सायीच्या रंगाचं अंग. तोंड, कान, चारही पाय आणि शेपटी मात्र गडद, जवळजवळ काळी, आणि डोळे निळेशार. डिसेंबरच्या सुरुवातीला मीच तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलं होतं. सातव्या आठव्या दिवशी जखम छान भरलेली पाहिली होती. त्यामुळे पुन्हा येण्याचं काही कारण नव्हतं.

काकूंनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि एक शब्दही न बोलता साखरेला बाहेर काढून माझ्याकडे तिची डावी कूस केली. तिथे तळहाताएवढा काळपट तपकिरी चौकोन होता. कडा सरळ, जणू पट्टी धरून आखलेल्या.

“डॉक्टर, खरं सांगा,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण थरथरत होता. “ऑपरेशनच्या वेळी खाली गरम गादी ठेवतो म्हणाला होतात. चटका बसला ना तिला?”

माझ्या पोटात गोळा आला. शंका अजिबात वावगी नव्हती. भूल दिलेल्या जनावराचं अंग गार पडतं, म्हणून खाली ऊब द्यावी लागते. आणि ती ऊब एका जागी जास्त झाली तर कातडी भाजते. भाजलेलं लगेच दिसत नाही, काही दिवसांनी वर येतं. असं घडलेलं मी शिकत असताना पाहिलंय. त्या क्षणी मला रंगाचं काहीही सुचलं नाही. माझ्या हातून या जिवाला इजा झाली का, एवढंच डोक्यात होतं.

मी केस बाजूला करून कातडी बघितली. मऊ, लवचीक, खपली नाही, ओल नाही. दाबलं तर साखर हूं की चूं करेना. उलट माझ्या मनगटाला डोकं घासून तिची बडबड चालूच. नायटा असेल म्हणून खोलीत अंधार करून निळ्या दिव्याखाली पाहिलं. काही चमकलं नाही. कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तीही स्वच्छ. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. मांजरीची नसबंदी मी डाव्या कुशीतून करते, म्हणजे ती उजव्या अंगावर निजलेली असते. गादी उजवीकडे होती आणि डाग डावीकडे. शिवाय भाजलेल्या जागी केस गळतात. इथे तर दाट, तुकतुकीत केस उगवले होते. फक्त गडद.

आणि त्या सरळ कडा! त्या माझ्या मशीनच्या होत्या. जेवढी जागा मी भादरली होती, नेमकी तेवढीच काळी झाली होती.

तेव्हा मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातलं एक व्याख्यान आठवलं. पुस्तकात वाचलेली, परीक्षेत लिहिलेली गोष्ट माझ्यासमोर जिवंत बसली होती.

“काकू,” मी म्हटलं, “हिचा कान चिमटीत धरा. टोकाशी.” त्यांनी धरला. “आता पोटाखाली हात घाला.”

“कान गार आहे,” त्या म्हणाल्या. “पोट गरम.”

“आता पंजा. आता शेपटीचं टोक.”

दोन्ही गार. आणि दोन्ही काळे. काकू आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होत्या. मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी साखरेच्या अंगाकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “जिथे गार, तिथे काळं?”

अगदी तसंच. केसाला रंग देणारं द्रव्य बनवायला टायरोसिनेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. सियामी मांजरात त्या विकराच्या जनुकात एका अक्षराचा फरक झालेला आहे. तो नेमका कुठे आहे हे 2005 साली संशोधकांनी शोधून काढलं. त्या फरकामुळे विकर नाजूक झालं. मांजरीच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंश असतं, आणि तेवढ्या उष्णतेत ते कामच करू शकत नाही. म्हणून छाती, पाठ, पोट फिकट राहतं. कान, नाक, पाय, शेपटी ही टोकं अंगापेक्षा काही अंशांनी गार असतात; तिथे ते विकर जमेल तसं काम करतं आणि रंग चढतो. थोडक्यात, साखरेच्या अंगावर तिच्याच तापमानाचा नकाशा काढलेला आहे.

मी ऐन डिसेंबरात तिची कूस उघडी केली. लोकरीचं पांघरूण गेलं, तिथली कातडी गार पडली, आणि त्या गारव्यात उगवलेला प्रत्येक केस गडद निघाला. रशियात इल्यिन नावाच्या संशोधकांनी सियामी मांजरांच्या रंगावर तापमानाचा परिणाम होतो हे 1930 सालीच प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे शोध जुना होता. विसर माझा होता. ऑपरेशनच्या आधी भुलीचे धोके, टाके, औषधं, सगळं मी या दोघांना समजावलं होतं; केसांचं सांगितलं नव्हतं. कित्येक दिवस ही माणसं आपल्या लेकराला भाजलं असं समजून झोपली नव्हती. मी तसं त्यांना म्हटलं आणि माफी मागितली.

काकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान पुरतं झालेलं नव्हतं. “हिचा लहानपणीचा फोटो आहे का?” मी विचारलं. काकूंनी मोबाईल काढला. घरी आणलेल्या आठवड्यातला फोटो होता: नखशिखान्त पांढुरकं पिल्लू, कानांच्या कडांना नुसती धुराची छटा. “म्हणून तर साखर नाव ठेवलं,” काकू म्हणाल्या. “मग महिन्याभरात तोंड काळं होऊ लागलं, तेव्हा आम्हाला वाटलं फसवलं आपल्याला.”

फसवलं नव्हतं. सियामी पिल्लं जन्मतात ती पांढरीच. आईच्या गर्भात सगळीकडे सारखीच ऊब, गार कोपरा कुठलाच नाही. जन्मल्यावर हवा लागली की टोकं रंगू लागतात. तो फोटो पाहून काका पहिल्यांदा खुर्चीवर टेकले.

त्या फोटोत अजून एक गोष्ट होती, फ्लॅशमुळे पिल्लाचे डोळे लाल दिसत होते. काकूंच्या सुनेने ते बघून “अपशकुनी दिसतं” असं म्हटलं होतं म्हणे. त्याचंही मूळ हेच. डोळ्यातही रंगद्रव्य कमी, म्हणून उजेडात निळे आणि अंधारात फ्लॅश पडला की लाल. इतकंच काय, या रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतूही चुकीच्या बाजूला जातात. बऱ्याच सियामी मांजरी जरा तिरळ्या असायच्या, त्याचा संबंध याच्याशी आहे. पैदास करणाऱ्यांनी पुढे निवड करून तिरळेपणा बराच कमी केला. साखर किंचित तिरळी आहेच. मला ती तशीच गोड वाटते.

“पण ही मूळची कुठली? चीनची?” काकांनी विचारलं.

सियामची, म्हणजे आजच्या थायलंडची. तिथे मांजरांची लक्षणं सांगणाऱ्या सचित्र कवितांच्या जुन्या पोथ्या आहेत, आपल्याकडे घोड्यांची नि हत्तींची लक्षणं लिहिलेली असतात तशा. ती परंपरा अयुथ्या राज्याची मानतात. आज हाती असलेल्या बहुतेक प्रती 19व्या शतकातल्या नकला आहेत. त्यात फिकट अंगाची आणि काळ्या टोकांची ही मांजर शुभ म्हणून येते. तिचं थाई नाव विचियनमात. त्यातला ‘विचियन’ पालीतल्या ‘वजिर’वरून आलेला, म्हणजे आपलं ‘वज्र’, हिरा. अयुथ्या हे नाव अयोध्येवरूनच. हे ऐकल्यावर काकू साखरेला म्हणाल्या, “अगंबाई, तू तर अयोध्येची निघालीस,” आणि साखरेने लांबलचक उत्तर दिलं.

पश्चिमेकडे मात्र तिचं स्वागत असं झालं नाही. 1871 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे सियामी मांजर पाहून कुणीतरी तिला दुःस्वप्नातली मांजर म्हटलं. 1878 साली बँकॉकमधल्या अमेरिकी वाणिज्यदूताने राष्ट्राध्यक्ष हेज यांच्या पत्नीला एक सियामी मांजर पाठवली. 1884 साली बँकॉकमधले ब्रिटिश अधिकारी गूल्ड यांनी आपल्या बहिणीसाठी एक जोडी इंग्लंडला आणली, फो आणि मिया. त्यांची पिल्लं पुढच्या वर्षी प्रदर्शनात झळकली आणि थोड्याच दिवसांत दगावली. तरीही 1901 पर्यंत तिथे सियामी मांजरांचा स्वतंत्र क्लब उभा राहिला होता. पुढे पैदास करणाऱ्यांनी तिचं डोकं निमुळतं, कान अवाढव्य आणि अंग काठीसारखं करत नेलं. मला स्वतःला ते पटत नाही. साखरेचं तोंड गोल आहे, जुन्या चित्रांतल्यासारखं.

रंगही नंतर वाढत गेले. मूळचा, ओळखीचा रंग सील पॉइंट, म्हणजे साखरेचा. त्याच काळ्या रंगद्रव्यावर दुसऱ्या एका जनुकाने पाणी ओतलं की ब्लू पॉइंट. टोकं पाटीच्या दगडासारखी करडी. काळ्याऐवजी तपकिरी असेल तर चॉकलेट पॉइंट, आणि तो पातळ झाला की लायलॅक, गुलाबी झाक असलेला राखी. अमेरिकेतल्या एका मोठ्या संस्थेत शुद्ध सियामी म्हणून हे चारच चालतात. लाल किंवा पट्टेरी टोकांना ब्रिटनमध्ये सियामीच म्हणतात, अमेरिकेतल्या त्या संस्थेत मात्र वेगळी जात धरतात. गंमत अशी की हे टोकांचं जनुक दबून राहणारं आहे, ते आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. त्यामुळे साध्या गावठी मांजरीच्या वेतातही कधी एखादं काळ्या तोंडाचं, निळ्या डोळ्यांचं पिल्लू निघतं आणि घरातले चक्रावतात. काकूंकडे वंशावळीचा कागद नव्हता. साखर एका ओळखीच्या घरून आलेली. त्यामुळे ती किती शुद्ध हे मी सांगू शकत नव्हते आणि काकूंना त्याची पर्वाही नव्हती.

स्वभावाने मात्र ती शंभर नंबरी सियामी आहे. या मांजरी बोलक्या. तक्रार, चौकशी, लाड, सगळं आवाजात. काकू अंघोळीला गेल्या की दाराबाहेर बसून ती हाका मारते. या मांजरींना एकटं बसवत नाही, माणसाच्या मागे मागे खोलीभर फिरतात. घरात कुणी नसेल तर खरोखर झुरतात. नसबंदीची घाईही त्यातूनच झाली होती. या जातीच्या माद्या लवकर माजावर येतात आणि त्या दिवसांतला त्यांचा आक्रोश सोसायटीचे तीन मजले जागे ठेवतो. काकूंच्या दारावर शेजारी येऊन गेले होते. मी मार्चपर्यंत थांबले असते तर चौकोन एवढा गडद झाला नसता, पण तिला आणि त्यांना तेवढे दिवस काढणं अशक्य होतं.

“मग आता हे असंच राहणार?” निघताना काकांनी विचारलं.

उगवलेला केस रंग बदलत नाही, मी सांगितलं. पण तो झडतो. लोकर दाट झाली की कातडीला ऊब येते, उन्हाळ्यात जुना केस गळून नवा येतो, तो फिकट येईल. काकूंनी त्याच रात्री जुन्या स्वेटरच्या बाहीचा अंगरखा शिवला. साखरेने तो दोन दिवस सहन केला.

मे महिन्याच्या शेवटी काकू लसीसाठी तिला घेऊन आल्या. चौकोनाच्या जागी आता नुसती सावली होती, ती पण आडव्या उजेडात दिसणारी. काकूंनी पर्समधून कागदाची एक पुडी काढली. विंचरताना निघालेले त्या जागेचे केस त्यांनी महिनाभर जपून ठेवले होते. “तुम्हाला उपयोगी पडतील म्हणून,” म्हणाल्या.

मी त्यातला एक काचेवर ठेवला आणि पाहिलं. टोकाकडे गडद तपकिरी, आणि मुळाकडे येता येता फिका, फिका, शेवटी सायीसारखा. मी बाजूला झाले आणि काकूंना बसायला सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या. साखर त्यांच्या मांडीवरून मला काहीतरी सांगत होती.

“हे टोक म्हणजे डिसेंबर,” काकू डोळा न काढता म्हणाल्या. “आणि इथून तिच्या अंगावर लोकर आली.”