दोन वाटा, एकच उत्तर

पुतणीसोबत आज ३६० चे मूळ अवयव पाडत बसलो होतो. तिने सुरुवात ३६ × १० अशी केली आणि मी मुद्दाम ८ × ४५ अशी. वाटा इतक्या वेगळ्या असूनही दोघांच्या वह्यांत शेवटी तीन वेळा २, दोन वेळा ३ आणि एकदा ५ एवढेच उरले, तेव्हा ती दोन्ही वह्या शेजारी ठेवून बराच वेळ नुसती पाहत राहिली. "दर वेळी असंच येतं का, काका?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे असले, तरी ते गृहीत धरून चालत नाही, त्याची काटेकोर सिद्धता गाउस या गणितज्ञाने १८०१ मध्ये दिली, हे मी तिला आवर्जून सांगितले. १ ला मूळ संख्या का मानत नाहीत, हेही इथेच उलगडते: मानले असते, तर १ ने हवे तितक्या वेळा गुणून एकाच संख्येची कितीही रूपे लिहिता आली असती.

नंतर तिने ९१ ला मूळ संख्या ठरवले (ही चूक पुष्कळांची होते), कारण २, ३ आणि ५ यांपैकी कशानेच भाग जात नव्हता. ७ ने भागल्यावर १३ आले, तेव्हा तिने खोडरबर न घेता जुन्या उत्तरावर एक रेघ मारली आणि शेजारी ७ × १३ असे लिहिले.