ग्वांगझौची लाईन ३ आणि आमच्या बँकेचा ओटीपी

कँटन फेअरला, म्हणजे ग्वांगझौच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला, जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, जेवणाचं काय केलंत, भाषेचं काय केलंत. जेवणाचं निभतं, भाषेला फोन आहे. मला ग्वांगझौमध्ये ज्या गोष्टीने रडवलं ती चीनची नव्हतीच. ती माझ्याच खिशात होती, माझ्याच देशातल्या एका बँकेची. नाव लिहीत नाही. ज्यांचं खातं तिथे आहे ते ओळखतील, आणि बाकीच्यांनी आपल्या बँकेवर फार विसंबू नये.

रविवार पेठेत आमचं भांड्यांचं होलसेलचं दुकान आहे. कँटन फेअर १९५७ पासून भरतं, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला, तीन टप्प्यांत. घरगुती सामान दुसऱ्या टप्प्यात असतं. २०२४ च्या ऑक्टोबरात तो टप्पा २३ ते २७ तारखेला होता. तेव्हा भारतातून चीनला थेट विमान नव्हतं, बँकॉकवरून जावं लागलं. (कोलकाता–ग्वांगझौ थेट विमान २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस पुन्हा सुरू झालं.) व्हिसा, फेअरचा बॅज, हॉटेल, सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

हॉटेल मुद्दाम खत्सुन स्टेशनजवळ घेतलं होतं. विमानतळावरून येणारी लाईन ३ तिथे येते आणि फेअरला जाणारी लाईन ८ तिथूनच मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याने खत्सुनच्याच आसपास राहावं असं मी आजही सांगेन. तिकीट दहा युआनच्या आत, म्हणजे फार तर सव्वाशे रुपये. एवढ्या पैशात चाळीसेक किलोमीटर, एसीत बसून. कागदावर सगळं कसं छान होतं.

तयारीही चोख होती. पुण्यात मनीचेंजरकडे युआन नव्हते म्हणून डॉलर घेतले. अलीपे हे तिकडचं पैसे द्यायचं ॲप डाऊनलोड केलं, पासपोर्टचा फोटो चढवला, कार्ड जोडलं, हिरवी खूण आली. २०२३ पासून अलीपेला परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड चालतात, आणि दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार नाही, त्यापुढे तीन टक्के. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय वापर’ चालू केला. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने नवं कार्ड फक्त देशात चालेल असंच हातात येतं, बाहेरचं आपण चालू करायचं. ते केलं. एटीएम, दुकान, ऑनलाईन, तिन्ही बटणं निळी झाली. स्क्रीनशॉट अजून आहे माझ्याकडे.

सकाळी बैयून विमानतळावर उतरलो, पाट्या बघत खाली मेट्रोत आलो. तिकिटाच्या मशीनवर इंग्रजी आहे. नकाशावर स्टेशन दाबा, भाडं दिसतं, क्यूआर येतो, फोन धरा. मी धरला. चक्र फिरलं आणि पाटी आली: कार्ड देणाऱ्या बँकेने व्यवहार नाकारला.

पुन्हा धरला. पुन्हा तेच. मागे रांग लागलेली, सगळ्यांच्या हातात बॅगा. बाजूला झालो. एटीएम शोधलं, तिथेही नकार. आता फोनवर बँकेचा मेसेज: ‘आपल्या सुरक्षेसाठी व्यवहार थांबवला आहे. आपणच केला असल्यास या क्रमांकावर फोन करा.’ क्रमांक १८०० ने सुरू होणारा. हा टोल-फ्री नंबर भारताबाहेरून लागत नाही. म्हणजे परदेशात कार्ड अडलं की जो नंबर फिरवायचा तो परदेशातून फिरत नाही. ही योजना ज्याने आखली त्याला एकदा ग्वांगझौच्या विमानतळावर उभा करायला हवा, हातात दोन बॅगा देऊन.

कार्डाच्या पाठीवर बारीक अक्षरात दुसरा नंबर होता, +९१ वाला. तो लागला. मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि गाणं. रोमिंगचा मीटर चालू. अखेर एक मुलगी आली, फार गोड बोलली. म्हणाली, “सर, तुमची ओळख पटवायला एक ओटीपी पाठवलाय, तो सांगा.”

ओटीपी आला नव्हता.

“सर, परत पाठवते.” तोही नाही. “सर, मग ईमेलवर?” जीमेल विमानतळाच्या वायफायवर उघडत नाही, चीनमध्ये गूगलचं काहीच उघडत नाही. आपल्या सिमच्या रोमिंग डेटावर उघडतं, पण माझा डेटा तेव्हा कधी यायचा, कधी जायचा. “सर, मग तुम्ही जवळच्या शाखेत भेट द्या ना.” मी म्हटलं, ताई, जवळची शाखा पुण्यात आहे. “ओके सर, आणखी काही मदत करू शकते का?”

चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. ग्वांगझौत सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात साडेसहा. शाखा दहाला उघडणार, म्हणजे इथले साडेबारा. भाच्याला फोन लावून उठवला. तो बिचारा शाखा उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिला, माझ्या पासपोर्टची आणि कार्डाची झेरॉक्स घेऊन. साहेबांनी कागद पाहिले आणि सांगितलं, “खातेदाराला स्वतः यावं लागेल.”

भाचा म्हणाला, “अहो, मामा चीनमध्ये आहेत.”

“मग आल्यावर या.”

हे मला तेव्हाच कळलं असतं तर फोन फेकला असता. सुदैवाने तोवर मी तिथून हललो होतो, डॉलरच्या जोरावर. येणाऱ्यांच्या दालनात पैसे बदलायची खिडकी होती आणि फेअरचा आठवडा असल्याने तिच्यापुढे अर्धं जग उभं होतं. नायजेरियाचे, इजिप्तचे, आपले सुरतचे. रांग सरकतच नव्हती. प्रत्येकाचा पासपोर्ट, फॉर्म, सही, प्रत्येक नोट मशीनमधून. माझ्या पुढच्याच्या एका डॉलरवर पेनाची रेघ होती, त्यावर बराच वेळ खल झाला. (डॉलर कोरे न्या. ही टीप आधीच द्यायला हवी होती.) माझा नंबर आला आणि हातात पडल्या शंभर युआनच्या नोटा. मेट्रोचं मशीन शंभराची नोट घेत नाही, त्याला सुटे लागतात.

इथे मी मनातल्या मनात पुणेरी भाषेत बरंच बोललो. पण स्टेशनातल्या सेवा खिडकीतल्या मुलीने माझा चेहरा आणि हातातली नोट पाहिली, एक शब्द न विचारता सुटे काढून पुढे सरकवले आणि मशीनकडे बोट केलं. सकाळपासून झालेलं हे पहिलं काम. तिला धन्यवाद म्हणेपर्यंत तिने पुढच्याचे सुटे मोजायला घेतले होते.

मशीनमधून तिकीट म्हणून प्लॅस्टिकची गोल चकती येते. आत जाताना ती गेटवर टेकवायची आणि खिशात जपून ठेवायची, कारण बाहेर पडताना तीच फटीत टाकायची असते, तरच गेट उघडतं. जाळीच्या खिशात, नाण्यांत वगैरे ठेवू नका.

आता लाईन ३ बद्दल. ती २००५ च्या डिसेंबरात सुरू झाली. विमानतळापर्यंतचा फाटा २०१० चा, आशियाई खेळांच्या तोंडावर उघडला. गाड्या ताशी १२० किलोमीटरपर्यंत जातात, आणि उत्तरेकडे स्टेशनं लांब लांब असल्याने तो वेग अंगाला जाणवतो. पण सुरुवातीला या लाईनवर गाड्या होत्या फक्त तीन डब्यांच्या. एवढ्या मोठ्या शहरात तीन डबे! पुढे सहा केले, तरी गर्दी आटोपली नाही. रोज वीस लाखांच्या घरात माणसं या एका लाईनवर असतात. विमानतळावरून बसलात तर जागा मिळते. जियाह वांगगांगला लाईन २ आणि १४ ची माणसं आत शिरतात, त्यानंतर उठायचा विचार करू नका. या स्टेशनची तिकडे थट्टा चालते, की प्रेमिकांची ताटातूट इथेच होते, कारण एक जण विमानतळाकडे जातो आणि दुसरा लाईन २ ने दक्षिणेच्या रेल्वे स्टेशनाकडे.

मला ताटातुटीचं दुःख नव्हतं, पण त्याच सुमारास फोन थरथरला. बोगद्यातही नेटवर्क पूर्ण असतं तिथे. मेसेज आले, एकामागून एक, सकाळपासूनचे सगळे ओटीपी. सहा आकडी, ओळीने, प्रत्येकाखाली ‘कोणालाही सांगू नका’. कोणाला सांगणार? सगळ्यांची मुदत संपलेली. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी माझ्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पिशवी जरा स्वतःकडे ओढून घेतली.

ओटीपी का अडकले होते ते नंतर कळलं. रोमिंगमध्ये फोन आपोआप एक नेटवर्क पकडतो आणि त्यावर डेटा आला तरी मेसेज येतीलच असं नाही. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने बदललं की आले. हे घरीच शिकून जा.

आणि कार्डाचं मूळ दुखणं? ते सांगितलं भाच्याच्या मित्राने, जो बँकेत नाही, मोबाईलच्या दुकानात आहे. ॲपमध्ये बटण चालू केलं तरी त्याच्याखाली मर्यादेची वेगळी पट्टी असते, आणि आंतरराष्ट्रीयसाठी ती शून्यावर ठेवलेली असते. शून्य रुपये! म्हणजे परवानगी आहे, खर्च मात्र काही करायचा नाही. कॉल सेंटरच्या मुलीला हे दिसत नव्हतं का? शाखेतल्या साहेबांना? मी पट्टी सरकवली, नवा ओटीपी लगेच आला, आणि संध्याकाळी खत्सुनच्या मशीनवर अलीपेने तिकीट काढलं तेव्हा मशीनसमोर उगाच दोन क्षण जास्त उभा राहिलो.

तियू शीलू स्टेशनबद्दल सांगायचं राहिलं. विमानतळाची गाडी बहुतेक वेळा तिथेच संपते, पुढे जायला लाईन ३ चीच दक्षिणेकडे जाणारी गाडी धरावी लागते. नकाशात एकच रंग असल्याने हे कळत नाही. घोषणा मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होते, ती ऐका. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर हे स्टेशन म्हणजे दादर. फरक इतकाच की इथे फलाटाला काचेचे दरवाजे आहेत आणि लोक रांगेत ढकलतात. मोठी बॅग असेल तर एक गाडी सोडा, दुसरी लगेच येते. दादर आठवलंच तर, लाईन १ वर २०१७ पासून गर्दीच्या वेळी महिलांसाठी वेगळा डबा आहे. आपल्या लेडीज डब्याच्या मानाने फार उशीर केला म्हणायचा.

प्रत्येक स्टेशनात बॅग एक्स-रेतून जाते. आमच्या धंद्यातल्यांनी हे वाचाच: सॅम्पल म्हणून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या घेऊन मेट्रोत जाता येत नाही. फेअरमध्ये सप्लायर हौसेने सेट हातात देतो. घेऊ नका, हॉटेलवर कुरियर करायला सांगा, तिकडे कुरियर स्वस्त आणि झटपट आहे. आणि सप्लायर तुम्हाला वीचॅट, म्हणजे त्यांचं व्हॉट्सॲपसारखं ॲप, तेच विचारणार. ते भारतात २०२० च्या जूनपासून बंद आहे, तेव्हा ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही मोठ्या अक्षरात छापलेली व्हिजिटिंग कार्डं भरपूर न्या. काहींकडे व्हॉट्सॲप असतं, धंदा करायचाय म्हटल्यावर सोय ठेवतात.

फेअरला लाईन ८ वर दोन स्टेशनं आहेत. ‘ए’ विभागाला शिंगांगडोंग, ‘बी’ आणि ‘सी’ ला पाझौ. स्टॉल कुठल्या विभागात आहे ते आदल्या रात्री बघा, कारण चुकीच्या टोकाला उतरलात तर आतून चालून पायांचे तुकडे पडतात.

कार्ड एकच नेऊ नका, दुसऱ्या बँकेचंही घ्या, आणि पुण्यात असतानाच परदेशी वेबसाईटवर दहा-वीस रुपयांचं काहीतरी विकत घेऊन बघा. हिरव्या खुणेला काही अर्थ नाही. सुट्ट्या नोटाही जवळ असू द्या. चीनमध्ये रोख कुणी घेत नाही असं जे सांगतात त्यांचं कार्ड कधी अडलेलं नसतं.

परतीच्या वाटेवर तियू शीलूला विमानतळाचीच गाडी आहे ना ते फलाटावरच्या पाटीवर बघून चढा, गर्दीच्या वेळी काही गाड्या मध्येच संपतात. टर्मिनल १ ला विमानतळ दक्षिण, टर्मिनल २ ला विमानतळ उत्तर, तेही तिकीट काढायच्या आधी बघा.