एका ग्लासातले तीन धूर

शनिवार, रात्री

आज ग्लासात डेन्मार्कची व्हिस्की, स्टाउनिंग काओस, मद्यार्क ४६ टक्के. लेबलवर ‘ट्रिपल माल्ट’ असं लिहिलेलं असतं, माल्ट म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य. इथे राय (गव्हासारखं एक धान्य), धुरी दिलेली बार्ली आणि धुराविना सुकवलेली बार्ली यांच्या व्हिस्कींचं मिश्रण. स्कॉटलंडच्या २००९च्या नियमांनुसार ‘ब्लेंडेड माल्ट’ व्हायला एकाहून जास्त डिस्टिलऱ्यांचा माल लागतो. काओसमधलं सगळं एकाच डिस्टिलरीत तयार होतं, त्यामुळे त्या व्याख्येत ती बसत नाही. चाखताना मात्र तिला मिश्रण म्हणूनच समोर धरावं, कारण तिच्यातला धूर तीन वाटांनी येतो. या वाटा वेगवेगळ्या ओळखू येणं हे या बाटलीचं मोठं सुख आहे.

पहिली वाट भट्टीतली. स्टाउनिंग हे जटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं गाव. २००५ साली नऊ मित्रांनी तिथे व्हिस्की बनवायला घेतली. बार्ली जमिनीवर पसरून मोड आणायचे आणि ओलसर असतानाच तिला पीट (दलदलीत कुजून साठलेल्या वनस्पतींचं जळण) आणि हीदर या झुडपाची धुरी द्यायची, अशी त्यांची रीत. ओलसर असतानाच, हे महत्त्वाचं. दाण्याचा पृष्ठभाग सुकला की धुरातली फेनॉल्स, म्हणजे धुराचा वास देणारी संयुगं, त्यावर नीट बसत नाहीत, मग कितीही जाळा. एकोणिसाव्या शतकात जटलंडचा केवढा तरी भाग हीदरच्या माळांनी व्यापलेला होता. १८६६ साली खास हे माळ लागवडीखाली आणण्यासाठी संस्था निघाली. पीट तर तिथलं जुनं सरपण. त्यामुळे हा धूर स्कॉटलंडची नक्कल वाटत नाही. तो त्या मातीचाच आहे. नाकाला तो कोरडा आणि किंचित गोडसर लागतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या व्हिस्कीतला आयोडीनचा वास इथे शोधत बसू नये.

दुसरी वाट पिंपाची. रायसाठी स्टाउनिंग आतून खोल जाळलेली नवी अमेरिकन ओकची पिंपं वापरते. लाकूड जळताना त्याला घट्टपणा देणारं लिग्निन तुटतं आणि व्हॅनिलाच्या वासाच्या व्हॅनिलिनबरोबर धुरकट वासाचं ग्वायाकॉलही तयार होतं. पीटच्या धुरात जे असतं, तेच हे ग्वायाकॉल. म्हणून व्हॅनिलाला चिकटून येणारा धूर बहुधा लाकडाचा असतो.

तिसरी वाट सगळ्यांत फसवी. रायच्या दाण्यात फेरुलिक आम्ल असतं. किण्वनात आणि पुढे उष्णतेने त्याचं ४-व्हिनाइलग्वायाकॉल होतं, ज्याचा वास लवंगेचा, थोडा धुरकट. अनेक जण यालाच पीट समजतात. ओळखायचं कसं? लवंग घोटाच्या मध्यावर, मिरीच्या तिखटपणासोबत येते आणि लवकर ओसरते. पीट घोट गिळल्यावर घशाच्या मागे, राखेसारखं रेंगाळतं.

आता कृती. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात २० मिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोली ३२ अंशांवर असते, तेव्हा मद्यार्काची वाफच आधी नाकात घुसते आणि धूर मागे पडतो. बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गार करून ओतली आणि ग्लासात २०-२२ अंशांवर येऊ दिली, की जमतं. बर्फ नको. गारव्याने वास दबतात आणि फक्त राख व कडवटपणा उरतो. ओतल्यावर दहा मिनिटं थांबावं. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवावं, ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणावा. पहिला घोट फक्त जीभ तयार करण्यासाठी असतो, त्यावरून मत बनवू नये. दुसरा घोट तोंडात दहा सेकंद फिरवावा.

मग पाणी. औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज, सुई न लावता, याला सर्वांत सोयीची. २० मिलीत १ मिली पाणी घातलं की ४६चे ४३.८ टक्के होतात, ३ मिलीला ४०. हा पहिला मिलीच मोलाचा. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर पाणी, मद्यार्क आणि ग्वायाकॉल यांचं अनुकरण केलं. मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असला तर ग्वायाकॉल प्रामुख्याने पृष्ठभागाशी राहतं, ५९च्या वर गेला तर ते आत ओढलं जातं, असं त्यात दिसलं. काओस नेमकी त्या पहिल्या रेषेच्या जरा वर आहे. त्यामुळे १ मिली घालून थांबावं, पाच मिनिटांनी पुन्हा वास घ्यावा, आणि मगच पुढचं घालावं. ४०च्या खाली गेलं तर माझ्या मते रायचा तिखटपणा विरतो आणि तिन्ही धूर एकमेकांत मिसळून जातात.

पाणी नळाचं नको. त्यातला क्लोरीन फेनॉलशी संयोग पावून क्लोरोफेनॉल बनतात, त्यांचा दवाखान्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. दोष व्हिस्कीला लावला जातो, असतो पाण्याचा. खूप जड बोअरचं पाणीही टाळावं.

बाकी बिघडतं ते घरातल्या वासांनी. उदबत्ती, डासांची कॉइल, स्वयंपाकघरातली फोडणी यांपैकी काहीही चालू असेल तर धुराच्या व्हिस्कीचं मोजमाप होत नाही. ग्लास गरम पाण्याने धुवून उलटा वाळवावा. फडक्याने पुसला तर कपाटाचा वास लागतो. आणि नाक धुराला फार लवकर सरावतं. तीन-चार मिनिटांनी धूर कमी झाला असं वाटलं तर ग्लास बाजूला ठेवून बाहेरच्या हवेत जावं. दोन-तीन व्हिस्की असतील तर धुराची शेवटी.

ताळा करायला एक साधी चाचणी आहे: रिकामा ग्लास रात्रभर तसाच ठेवायचा. मद्यार्क उडून जातो, जड फेनॉल्स काचेला धरून राहतात. सकाळी राख आणि माती आली तर ती भट्टीची वाट, गोडसर व्हॅनिला आणि लाकूड आलं तर पिंपाची. लवंग तोवर बहुतेक गेलेली असते.

लेबलवरच्या पीपीएमच्या (दशलक्षात किती भाग) आकड्यांवर विसंबू नये. ते साधारणपणे सुकलेल्या माल्टमधल्या फेनॉलचे असतात. मॅशिंग (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं), किण्वन आणि ऊर्ध्वपातनात त्यातलं बरंच गळतं. शिवाय फेनॉल्स ऊर्ध्वपातनात उशिरा येतात, त्यामुळे पिंपात जाणारा मधला भाग कुठे तोडला यावरच धूर किती आणि कसला हे ठरतं. स्टाउनिंगची २४ छोटी तांब्याची पॉट स्टिल, म्हणजे ऊर्ध्वपातनाची भांडी, थेट ज्योतीवर तापतात, त्याने जो खमंग भाजकेपणा येतो तोही धुराला दाट करतो. वय हेही कारण. युरोपीय संघात व्हिस्की म्हणवायला पिंपात तीन वर्षं पुरेशी असतात आणि तरुण व्हिस्कीत धूर पुढे असतो. गोव्यात, कुंकळ्ळीच्या पॉल जॉनमध्ये, उष्णतेमुळे बाष्पीभवन वर्षाला आठेक टक्के आणि लाकूड झपाट्याने चढतं. तिथली पीटेड व्हिस्की शेजारी ठेवली तर वेगळा तोल कळतो.

डेन्मार्कमध्येच तुलना करायची तर थी या डिस्टिलरीची ‘बोग’ बीच लाकडाच्या धुरावरची आहे, आणि फारी लोखान ही डिस्टिलरी माल्टच्या काही भागाला नेटल या खाजऱ्या पानांच्या वनस्पतीची धुरी देते. ही पद्धत फ्युन बेटावरच्या धुरी दिलेल्या चीजची. बीचच्या धुरात औषधी वासाचं क्रेसॉल कमी आणि लाकडी धुराच्या वासाचं सिरिंगॉल जास्त, म्हणून तो औषधी लागत नाही.

बाटली उभी ठेवावी, उजेडापासून दूर. एक तृतीयांश उरली की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, नाहीतर हवेने पहिल्यांदा पडतो तो धूरच.