म्हापशाहून आलेला जुना इलेक्ट्रोलक्स

म्हापशातल्या एका जुन्या घरातून मिळालेला इलेक्ट्रोलक्सचा व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे धूळ ओढून घेणारं यंत्र, आज चालवला. १९२१ च्या मॉडेल व्हीचंच वळण: आडवं नळकांडं, खाली चाकांऐवजी पट्ट्या.

नळीचं तोंड तळहाताने बंद केलं की मोटारचा आवाज चढतो. बघणाऱ्याला वाटतं, ताण येतोय. खरं तर उलट! हवा ढकलायची राहत नाही, काम हलकं होतं, म्हणून मोटार जोरात फिरते. अशा वेळी ओढ सर्वांत जास्त, पण कचरा उचलते ती वाहती हवा.

मग बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, सतरंजीवर वाळू आणि तांबडी माती पसरली. वाळू झटक्यात गेली. दमट माती धाग्यांत रुतून राहिली, तिला फिरता ब्रशच हवा. तरीही काय सुरेख यंत्र आहे!

कुणाच्या माळ्यावर असा एखादा पडला असेल तर भंगारात देऊ नका, मला कळवा.