चाकाची घरघर : बेअरिंग बदलण्याआधी

चाकातून घरघर येते असे सांगितले की बहुतेक गॅरेजांत "बेअरिंग गेले" (म्हणजे चाक ज्यावर फिरते ते गोळ्यांचे कडे खराब झाले) हेच उत्तर मिळते. ते पुष्कळदा खरेही असते, पण मिस्त्री गाडी चालवून पाहतो ती गॅरेजसमोरच्या गल्लीत, वीस-पंचवीसच्या वेगाने, आणि तेवढ्या वेगाला बिघडू लागलेले बेअरिंग सहसा बोलत नाही. म्हणून आवाज कधी येतो आणि कधी बदलतो, हे चालवणाऱ्यानेच टिपून न्यावे.

आमच्या गाडीचा आवाज नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडून उड्डाणपुलावर चढून साठच्या पुढे गेले की सुरू होई. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केले तरी तो तसाच राहिला, म्हणजे इंजिनाचा संबंध नव्हता. हलका ब्रेक दाबूनही फरक पडला नाही. स्टिअरिंग किंचित डावीकडे वळवले की मात्र तो वाढे आणि उजवीकडे वळवले की दबे. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, त्यामुळे संशय उजव्या बाजूवर आला. तरी ही खूण मी पुरावा मानत नाही, कारण कधीकधी ती चकवते.

खरा घोळ टायरचा असतो. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडून टायर करवतीच्या दात्यांसारखा झिजला, तर त्याचा गुणगुणाट हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. टायरच्या नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवला की दाते कळतात. शंका उरलीच, तर पुढची चाके मागे टाकून पाहावे. आमचा आवाज पुढेच राहिला. मग मागच्या चाकांना दगड लावून, गाडी जॅकवर घेऊन पुढचे उजवे चाक हाताने फिरवले आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तेव्हा बोटांना बारीक खरखर स्पष्ट जाणवली. चाक वर-खाली हलवून पाहिले तर खेळ (ढिलेपणा) जवळजवळ नव्हता. खेळ नाही म्हणून बेअरिंग चांगले, असे मात्र धरू नये.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या काही ब्रेकला येणारी खरखर ब्रेकच्या डिस्कवरच्या गंजाची असते आणि आपोआप जाते. खडीच्या रस्त्यानंतर अचानक सुरू झालेले कर्कश घासणे बहुधा डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याचे असते. ब्रेक दाबताच धातूवर धातू घासत असेल, तर ब्रेकचे पॅड संपले आहेत. अशा गाडीने कसारा घाट उतरू नये.

बेअरिंग दाबून बसवायचे असेल, तर काम प्रेस (सारखा दाब देणारे यंत्र) असलेल्या ठिकाणीच द्यावे; सातपूर-अंबडमध्ये अशा वर्कशॉपना तोटा नाही. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगच्या कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि घरघर लवकरच परत येते. एबीएस (ब्रेक दाबताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे आली नाही, तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळे पुन्हा उघडावे लागते.