मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव

जुने नाणे हाती आले की नजर आधी सालावर जाते, आणि साल जितके मागचे तितकी किंमत मोठी, असा हिशेब आपण मनातल्या मनात मांडून मोकळे होतो. अमेरिकन नाण्यांपुढे हा हिशेब टिकत नाही. माझ्याकडच्या मॉर्गन डॉलरने, म्हणजे चांदीच्या जुन्या एक डॉलरच्या नाण्याने, शंभरी ओलांडली आहे खरी, पण तो १९२१ सालचा, आणि त्या वर्षी एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने असे सुमारे ४ कोटी ४६ लाख डॉलर पाडले होते. २६.७३ ग्रॅम वजनात नव्वद टक्के, म्हणजे साधारण २४ ग्रॅम चांदी. त्या मोडीच्या भावापासून तो फार वर सरकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत १८९३ साली मात्र हेच डॉलर जेमतेम १ लाख पडले, त्यामुळे त्यांतल्या झिजलेल्या नगालाही हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. ही टांकसाळ ओळखायची ती मागच्या बाजूला, पर्णचक्राखाली उमटलेल्या एका इवल्याशा ‘एस’ अक्षरावरून.

लिंकनच्या सेंटची गोष्ट याहून गमतीची आहे. १९०९ साली तो निघाला तेव्हा मागच्या बाजूला, गव्हाच्या दोन ओंब्यांच्या देठांपाशी, शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरे होती. एवढी ठळक सही लोकांना खुपली आणि काही दिवसांतच ती काढून टाकण्यात आली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत असे ४ लाख ८४ हजार सेंट पडले होते आणि फिलाडेल्फियात जवळपास २ कोटी ८० लाख. साहजिकच फिलाडेल्फियाच्या स्वस्त सेंटवर सालाखाली खोटा ‘एस’ चिकटवणारे कलाकारही निपजले. म्हणून पारखी माणूस भिंग घेऊन लिंकनच्या चेहऱ्याआधी त्या अक्षराच्या कडा न्याहाळतो.

दुर्मीळपणा ठरला तरी नाण्याची अवस्था पाहावी लागतेच. ती १ ते ७० अशा अंकांत सांगण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या, आकाराने मोठ्या असलेल्या सेंटांसाठी मांडली, आणि त्यांच्या मूळ कल्पनेत ७० अंकांच्या नाण्याची किंमत १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट धरलेली होती. बाजार इतका सरळ वागला नाही, पण अंक मात्र टिकले.

हे अंक घालवण्याचा हमखास मार्ग म्हणजे नाणे घासून लख्ख करणे, आणि चिंच लावून देवाची भांडी उजळवणाऱ्या आपल्या लोकांना हे पटवणे अवघड जाते. ठसा बसताना धातू दाबाखाली कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेला डॉलर दिव्याखाली हलकेच तिरपा केला, की त्या रेषांवरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेले नाणे चमकते, पण हा उजेड त्यावर फिरत नाही.

१९१३ ते १९३८ या काळातल्या बफेलो निकेलवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर, तर साल आदिवासी पुरुषाच्या खांद्यापाशी उंचवट्यावर कोरलेले असल्याने तेच आधी झिजते. पुसलेले साल आम्लाचा थेंब टाकून पुन्हा दिसू लागते, पण तेवढी जागा खरबरीत होते, आणि साल दुर्मीळ निघाले तरी जाणकार खरेदीदार अशा नाण्याला अस्सल नगाच्या किमतीचा अल्पसा अंशच देऊ करतो.