गावातले क्लास अन् त्याईचा टाइम

आमच्या समाजमंदिरात दुपारी बायांचा शिवणक्लास राहते, संध्याकाळी पोरापोरींचा मल्लखांब, अन् रात्री मोठ्यांचं खंजिरी भजन. पण कापूस वेचणी लागली का दुपारचा हॉल रिकामा, बाया दिवसभर वावरात, मग शिवायला येईल कोण? तेव्हा दिवाळीनंतर शिवणक्लास रात्री जेवणं झाल्यावरच घ्या, मी तर मीटिंगमध्ये हेच सांगते, टाइमटेबल हंगाम पाहूनच ठरलं पाहिजे.

मल्लखांबाचं टेन्शन नाही, शाळा सुटली का पोरं खांबाला एरंडेल तेल लावून चढायले तयार. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ ला त्याईची टीम बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली, एवढं आपल्या जवळ असताना गावोगावी एक खांब तर पाहिजेच ना!